पतंग धुराने काळे झाले नाहीत
बारावीच्या जीवशास्त्राच्या टिपणांत ‘इंग्लंडमधील ठिपकेदार पतंग कारखान्यांच्या धुराने काळे पडले’ असे वाक्य फिरते. ते चुकीचे आहे. काळा रंग जनुकातील बदलामुळे येतो आणि असा पतंग मँचेस्टरला १८४८ मध्येच नोंदला गेला होता. काजळीने झाडांवरचे दगडफूल मेले, साली काळवंडल्या, तेव्हा त्यांवर बसलेले पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरून टिपले जाऊ लागले, काळे मात्र वाचले आणि त्यांचीच संतती वाढत गेली. १८९५ पर्यंत तेथे सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. म्हणून शिक्षकांना कळकळीची विनंती, की ‘पतंग बदलला’ असे न सांगता ‘पतंगांमधील प्रमाण बदलले’ असेच सांगावे. पुढे हवा स्वच्छ झाल्यावर पांढुरके पुन्हा वाढले.