मेकॅनिकल डिस्क ब्रेक टाकाऊ आहेत म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात म्हटलंय की रोड बाईकचे मेकॅनिकल डिस्क ब्रेक, म्हणजे वायरीनं ओढले जाणारे, नुसते दिखाव्याचे, त्यात दम नसतो, वायर बदला नाहीतर कॅलिपर (चाकाजवळचा पॅड दाबणारा भाग) बदला, पैसे पाण्यातच जाणार, त्यापेक्षा सरळ हायड्रॉलिक (वायरीऐवजी ऑइलच्या दाबानं चालणारे) घ्या, त्याला मेंटेनन्सही नाही, आणि परवडत नसेल तर आहे तसं चालवा. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे शेवटचं. कारण ज्या पोरांनी पैसे साठवून पहिली रोड बाईक घेतली ती खरंच आहे तसं चालवतायत, लिव्हर दाबली की हँडलला टेकते तरी म्हणतात, मेकॅनिकल आहे ना दादा, असंच असतं. असं नसतं. आणि आपल्याकडे ऊस चालू झाला की पहाटे मोहोळ रोडला बिनदिव्याची ट्रॉली एकदम पुढ्यात येते, तिथं असे ब्रेक घेऊन जाणं लई धोक्याचं आहे.

आधी दमाचं बघू. कोरड्या डांबरावर रोड बाईक किती जोरात थांबू शकते हे एका हद्दीनंतर ब्रेक ठरवतच नाही, मागचं चाक उचलायला लागतं आणि तिथंच हद्द संपते. ती हद्द गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्याच्या आसपास येते, म्हणजे ताशी 30 च्या स्पीडला ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत 7 मीटरच्या आसपास, आणि आपलं लक्ष जाऊन हात हलेपर्यंतचे मीटर वेगळे. नीट सेट केलेला मेकॅनिकल डिस्क त्या हद्दीपर्यंत नेतो. मग हायड्रॉलिकमध्ये फरक काय, तर बोटाला जोर कमी लागतो आणि कंट्रोल जास्त बारीक मिळतो. हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण जोर जास्त लागणं वेगळं आणि ब्रेकच न लागणं वेगळं.

आता वायरीचं, मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक इथंच आहे. मेसेज म्हणतो वायर बदलून काही होत नाही, आणि माझं म्हणणं बरोबर उलटं, बहुतेक सायकलींमध्ये खरा दोष आउटरचाच, म्हणजे वायरीवरच्या नळीचाच असतो. ब्रेकच्या साध्या आउटरमध्ये पोलादाची चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, आपण लिव्हर ओढली की आतली वायर ताणते आणि आउटर थोडी थोडी दबते, म्हणजे लिव्हरच्या ओढीतला बराचसा भाग पॅडपर्यंत पोचायच्या आधीच आउटर दाबण्यात जातो. रोड बाईकच्या लिव्हरला वायर ओढायची कमीच असते, त्यामुळे तेवढंही नुकसान जाणवतं, आणि मागच्या ब्रेकला तर आउटर लिव्हरपासून फ्रेममधून थेट कॅलिपरपर्यंत जाते, म्हणून मागचाच ब्रेक सगळ्यात फुसका लागतो. यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेशनलेस ब्रेक आउटर, जॅगवायर, योकोझुना वगैरे कंपन्यांची मिळते, तिच्यात तारा लांबीत सरळ असतात आणि वरून मजबूत धाग्यांचं वेष्टण असतं म्हणून ती दबत नाही. सोबत चांगली स्टीलची इनर (आतली वायर) घाला, टोकं सरळ कापा, वळण मोठं ठेवा कारण ही आउटर कडक असते. हायड्रॉलिकच्या पूर्ण सेटपुढं हा खर्च किरकोळ आहे.

एक गोष्ट मात्र जीव लावून सांगतो. गिअरची आउटरपण सरळ तारांचीच असते, म्हणून कोणी मिस्त्री म्हणाला की हीच ब्रेकला टाकतो, तर अजिबात टाकू देऊ नका. तिला ते वेष्टण नसतं, जोराचा ब्रेक मारला की ती फाटते आणि ब्रेक संपतो.

पैसे खर्चायच्या आधी सेटिंग बघा, ते फुकट आहे. स्वस्तातल्या बऱ्याच कॅलिपरमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो, तो रोटरला (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला) वाकवून आतल्या स्थिर पॅडवर नेऊन दाबतो. आतला पॅड लांब राहिला असेल तर लिव्हरची बरीचशी ओढ रोटर वाकवण्यातच जाते. एलन कीनं आतला पॅड रोटरला न घासता जेवढा जवळ येईल तेवढा आणा. आणि पॅड झिजले की वायर ताणून किंवा बॅरल अ‍ॅडजस्टर फिरवून भागवू नका, त्यानं कॅलिपरचा दांडा सुरुवातीलाच अर्धा फिरलेला राहतो, पुढं फिरायला जागा उरत नाही आणि पॅड अजून झिजले की ब्रेक एक दिवस लागतच नाही. झीज पॅडच्या स्क्रूनेच भरून काढायची.

कॅलिपर बदलणं वाया जातं हेही खरं नाही. टीआरपी कंपनीच्या स्पायर कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूचे पॅड हलतात, रोटर वाकत नाही, सेटिंग सोपं होतं. फक्त घेताना रोडच्या लिव्हरला चालणारंच मॉडेल घ्या, एमटीबीवाल्या (माउंटन बाईकच्या) कॅलिपरला वायर जास्त ओढावी लागते, ते रोडच्या लिव्हरवर नीट चालत नाही. मधला रस्तापण आहे की, मेसेजवाल्यानं त्याचा उल्लेखच केला नाही: टीआरपीचा HY/RD किंवा ज्युइन टेकचे कॅलिपर वायरीनं ओढले जातात पण आत ऑइल असतं, लिव्हर आहेत त्याच राहतात. आउटर मात्र त्यालाही चांगलीच लागते.

"सरळ हायड्रॉलिक घ्या" हे लिहायला सोपं आहे. शिमानोच्या खालच्या गिअर सिरीज, क्लॅरिस 8 स्पीड आणि सोरा 9 स्पीड, यांच्यामध्ये हायड्रॉलिक लिव्हर आलेच नाहीत. शिमानोचे टियाग्रा 4700 सिरीजमधले आहेत ते 10 स्पीडचे, 105 आर 7000 मधले 11 स्पीडचे. म्हणजे नुसते ब्रेक नाही, लिव्हर, कॅलिपर, होस (ऑइलची नळी), मग डिरेलर, कॅसेट, चेन, सगळंच आलं, अर्धी सायकल नवी होते. त्यापेक्षा पुढची सायकल घेताना हायड्रॉलिकवाली घ्या, ते मी स्वतः सांगेन. बोटात ताकद कमी असेल, संधिवात असेल, किंवा घाटातच जास्त फिरणं असेल तर आजच घ्या. पण आपल्या पठारावर अक्कलकोट, विजयपूर, पंढरपूर कुठंही जा, लांब उतार नाही, एक तुळजापूरचा घाट सोडला तर.

हायड्रॉलिकला मेंटेनन्स नाही म्हणणंही अर्धवट आहे. पॅडची झीज ते आपोआप भरून काढतात हा मोठा फायदा. पण हवा शिरली की ब्लीड करावं लागतं, म्हणजे ऑइलमधली हवा काढावी लागते, शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड, एकाच्या जागी दुसरं घातलं की सील खराब. वायर तुटली तर पंढरपुरात कुठल्याही दुकानात काहीतरी जुगाड होतं, होस कापला गेला तर होत नाही.

मेसेजमध्ये अजून एक सल्ला आहे की तरीही मेकॅनिकलच ठेवायचे तर मेटल पॅड आणि मोठा रोटर लावा. रोटरचं म्हणाल तर 140 मिमीचा 160 केला की त्याच जोरात साधारण 14 टक्के फायदा, हे बरोबर, पण फोर्कला किती चालतो ते आधी बघा. मेटलचं मात्र थांबा. बऱ्याच स्वस्त रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं छापलेलं असतं, त्यावर मेटल पॅड घातले तर रोटरच झिजतो. आणि थंड असताना रेझिनच लवकर पकडतात, मेकॅनिकलला तेच पाहिजे. नवीन पॅड घातले की रिकाम्या रस्त्यावर ताशी 20 वरून चाक लॉक न करता पंधरा-वीस वेळा हळूहळू स्पीड कमी करा, मग पकड बसते. चेनवर स्प्रे मारताना रोटरवर कापड टाका, तेल लागलेला रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येतो, तेल प्यायलेले पॅड बदलावेच लागतात.