‘गुप्त तपासणी असं काही नसतंच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मोठ्या शहरात लैंगिक आजारांची तपासणी करायला निघालात? आधी हे वाचा’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मला तो भाचीने पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मावशी, असं असेल तर मी नाही जात." तिला त्रास होत होता, तिने क्लिनिक शोधलं होतं, वेळही घेतली होती. आणि स्वतःचं नावसुद्धा न लिहिणाऱ्या कुणीतरी पाच मुद्दे खरडून तिला घरी बसवलं. म्हणून हे लिहिते आहे, आणि चिडूनच लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं असं: तपासणी केली की नाव ‘सिस्टीम’मध्ये जातं, मग घरी आणि ऑफिसात कळतंच. लक्षणं नसतील तर तपासणीची गरज नाही. फारच शंका असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्या, निगेटिव्ह आलं की विषय संपला. त्याहून सोपं म्हणजे केमिस्टकडून अँटिबायोटिकचा एक डोस घ्या, तपासणीची भानगडच नको. आणि पॉझिटिव्ह आलं तर आयुष्य संपलंच, मग कळून उपयोग काय?

यातला गोळ्यांचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून तो आधी घेते. कुठली गोळी, कशासाठी? एचआयव्ही, हर्पिस, हिपॅटायटिस बी हे विषाणूंचे आजार आहेत, अँटिबायोटिकचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. सिफिलिसवर पहिली पसंती आजही पेनिसिलिनच्या इंजेक्शनला आहे. गोनोरियाचा जंतू तर एकेक औषध पचवत आला आहे. आधी सल्फा, मग पेनिसिलिन, मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनवर आहे आणि त्यालाही दाद न देणारे जंतू सापडू लागले आहेत. अशा वेळी अंदाजाने गिळलेली एक गोळी आजार बरा करेलच असं नाही, अनेकदा नुसता दाबते. जळजळ थांबते, माणूस निश्चिंत होतो, जोडीदाराला लागण होत राहते. वर पुढे कधी तपासणी केलीच, तर अर्धवट औषधामुळे ती चुकीची निगेटिव्ह येऊ शकते.

यात एक अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी लिंक घेऊन येईलच. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्याने सिफिलिस आणि क्लॅमिडियाची शक्यता बरीच कमी होते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने त्यावर मार्गदर्शनही काढलं. पण ते कुणासाठी? पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांच्यापैकी ज्यांना आधी असा आजार होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक महिन्यांनी तपासण्या करत राहून. केनियात तरुण स्त्रियांवर असाच अभ्यास झाला तेव्हा फायदा दिसला नाही. केसांचे नमुने तपासले तर बहुतेक नमुन्यांत औषध सापडलंच नाही, म्हणजे अनेकींनी गोळ्या घेतल्या नसाव्यात, त्यामुळे स्त्रियांबाबतचा प्रश्न अजून उघडाच आहे. म्हणजे ज्या उपायासोबत तपासण्या वाढवायला सांगितल्या आहेत, तो या मेसेजवाल्याने तपासणी टाळण्यासाठी वापरला. आणि पाठवला कुणाला, तर सरसकट सगळ्यांना.

आता ‘लक्षणं नाहीत, म्हणजे आजार नाही’. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनिआसिस या चार बऱ्या होणाऱ्या आजारांची मिळून सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. ही संघटनाच सांगते की बहुतेकांना एकतर लक्षणं नसतात किंवा लक्षात येणार नाहीत इतकी सौम्य असतात. सिफिलिसचंच बघा. सुरुवातीला एक फोड येतो, त्याची कड टणक असते, पण तो दुखत नाही. योनीच्या आत, गुदद्वारात किंवा तोंडात असेल तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो काहीही न करता भरून येतो. माणसाला वाटतं, गेलं. जंतू मात्र शरीरातच असतो आणि वर्षानुवर्षांनी मेंदू, डोळे, हृदयापर्यंत पोचू शकतो. गरोदरपणात तो बाळालाही गाठतो. क्लॅमिडिया बहुतेक बायकांना जाणवतसुद्धा नाही. जाणवतो तो कधीकधी थेट मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर, तोवर गर्भनलिका खराब झालेल्या असतात. ‘लक्षणं नसतील तर गरज नाही’ असं लिहिणाऱ्याने हे एकदा वाचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीबद्दल फार लिहायला नको. त्या तपासणीतून कळते ती आधीची स्थिती, कालच्या रात्रीची नव्हे. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत (ती विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, दोन्ही शोधते) एचआयव्ही साधारण १८ ते ४५ दिवसांनी सापडतो, बोटाच्या रक्ताच्या नुसत्या अँटिबॉडी चाचणीत ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. मात्र दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाण्याचं एक खरं कारण आहे, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही. एचआयव्हीची शंका असेल तर ७२ तासांच्या आत सुरू केलेली २८ दिवसांची औषधं लागण रोखू शकतात. जितकं लवकर, तितकं चांगलं.

‘पॉझिटिव्ह म्हणजे संपलं’ हे तर निव्वळ क्रौर्य आहे. वर सांगितलेले चारही आजार औषधाने बरे होतात. एचआयव्ही बरा होत नाही, पण औषधाने काबूत राहतो. युरोपातल्या पार्टनर अभ्यासाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. एकाला एचआयव्ही, औषधाने दाबलेला. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. जोडीदाराकडून झालेली लागण: शून्य. त्या औषधापर्यंत पोचायची वाट तपासणीतूनच जाते.

राहिला नावाचा मुद्दा. भाची अडली ती इथेच, आणि इथे मी सरळ ‘खोटं आहे’ म्हणणार नाही. काही देशांत ठरावीक आजारांची नोंद आरोग्य खात्याकडे नावासकट जाते. पण ती आरोग्य खात्याकडे जाते, घरी किंवा ऑफिसात नाही. तपासणी कशी व्हावी याच्या पाच अटी जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीसाठी घालून दिल्या आहेत: संमती, गोपनीयता, समुपदेशन, अचूक निकाल आणि पुढच्या उपचारांशी जोडून देणं. भारतात तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करायला आणि निकाल फोडायला मनाई केली आहे. इंग्लंडमधली लैंगिक आरोग्य क्लिनिकं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरलाही परवानगीशिवाय काही कळवत नाहीत. अनेक ठिकाणी नाव न घेता नुसत्या नंबरवर तपासणी होते.

तरीही गोष्टी फुटतात, हे मान्य. वेटिंग रूममध्ये मोठ्याने नाव पुकारणारे असतात, फाईल उघडी टाकणारे असतात. पण पुष्कळदा गोष्ट फुटते ती आपल्याच हातून. फॉर्मवर वडिलांचा मोबाइल नंबर असतो आणि रिपोर्टचा मेसेज त्यांच्या फोनवर जातो. ईमेल घरातल्या सामायिक लॅपटॉपवर उघडा असतो. विम्याचा क्लेम लावला की तपशील पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जातात. मेसेजवाल्याला खरंच काळजी असती तर त्याने हे लिहिलं असतं.

म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा. नाव द्यावं लागतं की नंबर चालतो? रिपोर्ट कसा मिळतो, हातात घेता येतो का? बिलावर तपासणीचं नाव छापलं जातं का? नोंद बाहेर कुणाकडे जाते? संबंध तोंडाने किंवा गुदद्वाराने आले असतील तर तेही सांगा, कारण नुसत्या लघवीच्या तपासणीत घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग सापडत नाही, तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो. नीट चालवलेल्या जागी हे प्रश्न रोजचे असतात, कुणी भुवई उंचावत नाही. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केलीच, तर फोन ठेवा आणि दुसरीकडे लावा. मोठ्या शहरात दुसरी जागा मिळते.