साखळी लढती आणि जोडवाराचा नियम: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. आमच्या मर्दानी खेळाच्या वर्गाने यंदा स्पर्धेची पद्धत बदलली: नुसत्या बाद पद्धतीऐवजी आधी गटांत साखळी लढती आणल्या. त्याने चुरस गेली, कार्यक्रम रात्रीपर्यंत लांबला, फरीगदग्यात (ढाल आणि काठीच्या लढतीत) वार लागूनही तुमच्या मुलाला गुण मिळाला नाही, शिवकालीन कलेचा गुणांचा हिशेब झाला आणि सभासदांना कुणी विचारलंच नाही, असं तुमचं म्हणणं आहे.

आधी गुणाचं बोलतो. मुलाचा वार लागला, हे पंचांनाही मान्य आहे. पण त्याच क्षणी समोरच्याचा गदगाही त्याच्या खांद्यावर बसला. अशा जोडवाराला यंदापासून दोघांनाही गुण नाही. पूर्वी आधी कुणाचा लागला ते पंच सांगायचे आणि त्यावरून दर वर्षी वाद व्हायचे. तरी नियम बदलला तो वादांमुळे नव्हे. गदगा चामड्याने मढवलेला असतो, म्हणून तो लागूनही पोरगं हसत उभं राहतं. त्या जागी तलवार असती तर दोघंही आडवे झाले असते. डाव्या हातात फरी दिलेली असते ती वार अडवायला. हूल ओळखायची, वार फरीवर घ्यायचा, पवित्रा बदलायचा आणि मगच मारायचं, हे अंगात मुरायला महिनोन्‌महिने जातात. अंग उघडं टाकून मारलेल्या वाराला आम्हीच गुण देत राहिलो, तर पोरं तेच शिकणार. तुमच्या मुलाचा हात वेगवान आहे. त्याला फरीचं काम नीट यावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

गुण मोजल्याने कला बाटते, हे मात्र मला पटत नाही. बोथाटीच्या, म्हणजे सरावाच्या बोथट भाल्याच्या, टोकाला रंगात बुडवलेला गोळा असतो, तो कशासाठी? कुणाला कुठे लागलं ते अंगावरच्या रंगावरून दिसावं म्हणून. वाराची मोजदाद आपल्या खेळात जुनीच आहे. दांडपट्टा आणि विटा (दोरी बांधलेला भाला) यांना आम्ही हात लावलेला नाही. पट्ट्याच्या लढती लावणं धोक्याचं आहे, त्यामुळे लिंबू कापणं आणि पट्ट्याचे हात पूर्वीसारखेच प्रात्यक्षिकात राहिले.

आता साखळीचं. एका वयोगटात १६ खेळाडू धरा. बाद पद्धतीत, म्हणजे हरला की बाहेर, १५ लढतींत निकाल लागतो, पण ८ मुलं पहिल्याच लढतीनंतर घरी जातात. गडहिंग्लज किंवा आजऱ्याहून पहाटे निघालेल्या मुलीला आखाड्यात मिळतात दोन-तीन मिनिटं. चौघांचे चार गट केले आणि गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी लढला, की प्रत्येकाला किमान तीन लढती मिळतात. गटातल्या २४ आणि उपउपांत्य फेरीपासून पुढच्या ७, अशा ३१ लढती होतात. वेळ दुप्पट लागतो, हे खरं. म्हणून पुढच्या वर्षी दोन आखाडे एकाच वेळी चालवणार आहोत आणि लहान गट सकाळीच उरकणार आहोत.

सभासदांना विचारलं होतं. दसऱ्याच्या शस्त्रपूजनानंतरच्या बैठकीत बराच वेळ हाच विषय चालला. मोठ्या मुलांना बाद पद्धतच हवी होती. एक चूक झाली की संपलं, ते दडपण त्यांना हवंय, आणि त्यांचं कारण मला पटलं. म्हणूनच उपउपांत्य फेरीपासून बाद पद्धत कायम ठेवली आहे. मुली आणि नवे सभासद साखळीच्या बाजूने होते. आमचे ज्येष्ठ वस्ताद तर म्हणाले की लढती नकोतच, खेळ प्रात्यक्षिकातच शोभतो. त्यांच्याकडूनच मी लाठी शिकलो, तरी या एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि ते मी त्यांनाही सांगितलं. समोर खरा वार करणारा कुणी नसेल, तर पाठ केलेले हात सुंदर दिसतात, पण अंतराचा अंदाज कधीच येत नाही.

पालकांना त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं. पुढच्या बैठकीला असेल.

मुलाच्या लढतीचं चित्रीकरण आमच्याकडे आहे. रविवारी सरावानंतर त्याला घेऊन या, पंचही येतील. सावकाश लावून बघू. जोडवार नव्हता असं दिसलं, तर निकालपत्रकात त्याचा गुण त्याच दिवशी चढवू.

आपला,
वर्गचालक, कोल्हापूर