तो जिताडा नाही, जिताडी आहे

पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीनंतर देवबागला गेलेलो, दरवर्षीसारखं आबांच्या होडीतून कर्लीच्या खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला. शेजारच्या होडीत मुंबईचा एक ग्रुप होता, त्यातल्या एकाला लागला नऊ-दहा किलोचा जिताडा (आमच्याकडे चोणक म्हणतात, गोव्यातही). पोराने खेळवला भारी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मासा दोनदा अख्खा पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं की कल्ल्याच्या पात्याने दोरी कापून जातो तो, तरी याने सोडला नाही. मग कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवला आणि फोटो, रील, परत फोटो. रात्री त्याचं कालवण झालं असणार.

आता माझं म्हणणं ऐका. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की, मादी होतो. म्हणजे आठ-दहा किलोचं जे धूड आपण छातीशी धरून फोटो काढतो ते जवळजवळ नक्कीच मादी असतं, आणि एका खेपेला लाखो अंडी टाकणारी. त्या खाडीतली पुढच्या चार वर्षांची पोरंबाळं तुम्ही थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून नेता राव. (गोबऱ्याचं बरोबर उलटं, तो आधी मादी आणि मग नर, समुद्रात सगळीच गंमत आहे.)

आणि नियमांचं म्हणाल तर 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींची किमान लांबी ठरवली, सुरमई 370 मिलिमीटरच्या खाली पकडू नका वगैरे, उत्तम केलं. पण ते लहान माशाला वाचवायला, मोठीला कोण वाचवणार? 1 जून ते 31 जुलै बंदी असते ती यांत्रिक होड्यांना. जिताडा पावसाळ्यातच खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला उतरतो आणि तेव्हा काठावरून गळ टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

लगेच कमेंटमध्ये येऊ नका की पोटासाठी मासे मारणाऱ्यांना शिकवतो म्हणून. जाळ्यावर ज्याचं घर चालतं त्याला मी काय सांगणार, त्याने न्यावा. मी बोलतोय ते वीस हजारांचा गळाचा रीळ घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांशी. आपण पैसे कशाचे देतो? डिझेलचे, होडीचे आणि मुख्य म्हणजे आबांच्या डोक्याचे. पाणी कधी फिरणार, उधाणाला ओढ जास्त म्हणून कुठल्या खडपाच्या आडोशाला थांबायचं, जिवंत सुंगटं (कोळंबी) कुठल्या खोलीवर सोडायची, हे त्या डोक्यात. किलोवर मासा हवा असेल तर मालवणच्या बाजारात जा की, स्वस्त पडेल. एकाने तर मासा लागला नाही म्हणून अर्धे पैसे परत मागितलेले, आबा शांतपणे म्हणाले, "मासो काय माझ्या दावणीक बांधलेलो नाय."

बाहेर समुद्रात मी एवढा सोवळा नाही, हेही सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर समुद्रातल्या निवती रॉककडे जायचं, मागे लूर (खोटं आमिष) सोडून ट्रोलिंग करायचं, म्हणजे चालत्या होडीमागे ते ओढत न्यायचं, सुरमई लागली तर दोन घरी न्यायच्या, तिखलं करायचं, खुशाल. दुपारी समुद्राकडून खारा वारा उठायच्या आत परत. पण खाडी छोटी आहे, तिथला मोठा मासा मोजकाच.

मी काय करतो, गरीचा (गळाच्या आकड्याचा) उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे पटकन सुटते. दीड हाताच्या वरचा जिताडा होडीत घेतच नाही, पाण्यातच आडवा धरायचा, एक फोटो, तोंड प्रवाहाकडे करून शेपटीला धरून ठेवायचं, तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत. आणि सोडलेल्या माशाचे त्या दिवशीच्या भावाने आबांना पैसे देतो. सुरुवातीला त्यांना वाटलं मुंबईत राहून याचं डोकं फिरलं. "सोडूचो होतो तर धरलंस कित्याक?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, खरंच नाही.

पुढच्या शनिवारी भांगाची (उधाणाच्या उलट, छोटी) भरती आहे, ओढ कमी असेल, सकाळी साडेपाचला देवबागहून निघतोय. होडीत एक जागा रिकामी आहे. सुंगटं माझी, पक्कड तुमची तुम्ही आणा.