आषाढातच श्रावण?

दरवर्षी तेच! गुरुपौर्णिमा झाली रे झाली की फोनमधलं कॅलेंडरचं अ‍ॅप पहिल्या श्रावणी सोमवारच्या शुभेच्छा देतं. अरे, आषाढ चाललाय! दीप अमावास्या व्हायचीय! उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आमच्याकडे अमावास्येला. अ‍ॅप बनवताना एवढंही कुणाला विचारावंसं वाटत नाही?

संकष्टीला तर डोकंच फिरतं. नौपाड्यात आई दिवसभर उपाशी, आणि अ‍ॅप दाखवतं चंद्रोदय दिल्लीचा! लोकेशन चोवीस तास घेता ना? मग ठाणं दिसत नाही?

शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या ज्यूंना त्या दिवशी दिवा लावणं वर्ज्य; त्यांच्यासाठी काही फ्रिजमध्ये वेगळा मोड असतो, दार उघडलं तरी दिवा लागत नाही. कुणीतरी त्यांच्या घरचा विचार केला. आमच्या आयांच्या उपासाचा कोण करणार? काल शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर बघूनच तिने उपास सोडला.