सहा महिन्यांनी सुधारलेले गुण: मिरजेहून आलेल्या आक्षेपाला उत्तर

आदरणीय ताई,

आपला आक्षेप असा की, आपल्या बालसंरक्षणाच्या कामातून मदत मिळालेल्या मुलांचे प्रश्नावलीतले गुण सहा महिन्यांत सुधारलेले दिसत असताना ‘यावरून काहीच सिद्ध होत नाही’ असे मी लिहिले आणि उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कष्टांवर पाणी ओतले. ‘काहीच’ हा शब्द मी मागे घेतो. मूळ मुद्दा मात्र सोडवत नाही.

मूल आपल्यापर्यंत येते तेच बहुधा घरातली परिस्थिती अगदी हाताबाहेर गेल्यावर. त्या दिवशीच्या गुणांपेक्षा सहा महिन्यांनंतरचे गुण, कोणी काही केले नसते तरी, अनेकांच्या बाबतीत थोडे सुधारलेच असते. शिवाय दुसऱ्यांदा प्रश्न विचारणारी व्यक्तीही तीच होती. ज्या बाईंनी शाळेत नाव घालून दिले, त्यांना ‘मला बरे वाटत नाही’ असे तोंडावर कोणते मूल सांगेल? आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर परगावी निघून गेलेली मुले तर दुसऱ्या मोजणीत सापडलीच नाहीत.

कायद्याचे माप वेगळे आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाच्या घरच्या परिस्थितीची सामाजिक तपासणी 15 दिवसांत व्हावी, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला 4 महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येतो. ही मुदत हवीच. पण ती कामकाजाची मुदत आहे, मूल सावरल्याची खूण नव्हे.

प्रश्नावलीबद्दल मात्र आपण लिहिलेत ते मला पूर्ण पटले. रॉबर्ट गुडमन यांची 1997 ची, मुलांच्या भावना आणि वागणुकीबद्दलची 25 प्रश्नांची प्रश्नावली गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते. वाळव्याच्या उसाच्या फडावर डिसेंबरात ती ऊसतोड कामगाराच्या मुलीपुढे ठेवली, तर त्या सहा महिन्यांतला बराच काळ बीडकडच्या गावातला असतो आणि उरलेला कोपीतला, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतला. तिने उत्तर कोणत्या घराचे द्यावे? भीती ओळखण्यासाठी आम्ही स्वतः जोडलेल्या ‘रात्री नीट झोप लागते का?’ या प्रश्नावर एक मुलगी आधी आईकडे पाहून ‘लागती’ म्हणाली. नंतर टाकीपाशी कळशी भरताना ती आपणहून म्हणाली, ‘पाटं तीनला उठाया लागतं, झोप कशी व्हईल?’ आमच्या तक्त्यात पहिले उत्तर गेले, आणि दुसऱ्यासाठी रकानाच नव्हता. दुसरे उत्तर भीतीचे नव्हते, कामाचे होते, हे ध्यानात यायलाही मला वेळ लागला.

मदतीचा परिणाम कळायला मदत न मिळालेल्या मुलांशी तुलना हवी; त्यावर ‘तुलनेसाठी मुलांची मदत अडवणार का?’ हा आपला प्रश्न सर्वांत जड आहे. अडवायची नाहीच. पण माणसे अपुरी असल्याने नवे काम सगळ्या तालुक्यांत एकदम सुरू होत नाही, काही तालुक्यांना थांबावे लागतेच. तो क्रम ओळखीपाळखीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवला, आणि जिवाला धोका असलेल्या मुलांना या क्रमातून पूर्णपणे बाहेर ठेवले, तर थांबलेल्या तालुक्यांतली तितक्याच अडचणीतली मुले त्या काळात कशी होती हे कळू शकते. तिथे विचारायला मात्र केस न सांभाळणारी, त्याच बोलीतली व्यक्ती हवी, आणि प्रश्न दहाच्या वर नकोत. कार्यकर्त्यांचा वेळ तक्ते भरण्यात जातो, ही आपली तक्रार रास्तच आहे.

झोपेचा प्रश्न आता आम्ही दोन प्रश्नांत फोडला आहे: ‘रात्री दचकून जाग येते का?’ आणि ‘सकाळी कोण उठवतं, किती वाजता?’ हे शब्द मिरज-जत भागातल्या मुलांच्या कानाला सरळ वाटतात का, एवढे आपण पाहून कळवावे.