घुबडांचे जंगल स्वच्छ करण्याची रीत

ज्यांना निसर्गाची मनापासून कळकळ आहे, त्यांनी जंगलातील वठलेले झाड शोधून ते प्रथम तोडावे. ज्याला पाने नाहीत, फळे नाहीत आणि जे सावलीही देत नाही, ते उभे ठेवण्यात अर्थ तो काय? नुकतेच अशाच एका झाडाचे कल्याण झालेले मी पाहिले. त्याच्या ढोलीत घुबडांची जोडी राहत होती, असे सांगताच तेथील साहेबांनी हसून धीर दिला : "काळजी करू नका, बदल्यात रोपे लावतो आहोत."

या उत्तराची थोरवी वाचकांनी जाणून घ्यावी. घुबडाला लाकूड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेली किंवा फांदी मोडून खोड कुजल्यामुळे झालेली पोकळीच बहुतेक ढोलीवासी घुबडांना शोधावी लागते. तेवढे जाड खोड होण्यास अनेक दशके जातात. धनेशाची मादी तर अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. या सर्व कुटुंबांनी आता गुडघ्याएवढ्या रोपांच्या शेजारी रांगेत उभे राहावे आणि खोड जाड होऊन कुजेपर्यंत विणीचा हंगाम पुढे ढकलावा. कागदोपत्री झाडांची संख्या वाढलेलीच आहे, मग तक्रार कसली?

उंदरांसाठी विष पसरावे, म्हणजे ते उंदीर खाणाऱ्या घुबडांचाही निकाल लागतो.

जंगलातल्या रस्त्यावर रात्रभर प्रखर दिवे ठेवावेत.

कोणी हरकत घेतलीच, तर "पक्षी जातील दुसरीकडे" असे म्हणावे. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती, तो रानपिंगळा हा छोटा घुबड १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ पुन्हा सापडला; म्हणजे पक्षी कुठे ना कुठे असतातच, असा सोयीस्कर निष्कर्ष काढावा. तो आजही संकटग्रस्त आहे, हे मात्र भाषणात टाळावे.

कुठले दुसरीकडे? चांगल्या जंगलातल्या सोयीच्या ढोलीवर अनेकदा आधीच कोणाचा तरी हक्क असतो, आणि उरलेले जंगल तुम्हीच तुकड्यातुकड्यांनी संपवत आणले आहे. तोडण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या झाडाखाली थांबून ढोलीतून कोण बाहेर पडते, एवढे पाहण्याची तसदी तुम्ही घेतली नाही. कुऱ्हाडीला घाई होती आणि रोपांसह छायाचित्र काढून घ्यायला मात्र सगळ्यांना सवड होती. लाज वाटली पाहिजे तुम्हाला.